आयोडीनची आठवण ठेवणाऱ्या पेशी

गॅमा कॅमेरा पहिल्यांदा पाहणारा माणूस बिचकतोच. अरुंद टेबल, त्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन जाडजूड चौकोनी डोकी, आणि वरचं डोकं हळूहळू खाली येत नाकापासून चार बोटांवर थांबतं. थायरॉईडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेली, रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा, डोस घेतलेली माणसं त्यावर झोपता झोपता हमखास विचारतात, "ताई, यातून किरणं येतात का हो?"

किरणं येतात, पण त्यांच्या अंगातून. यंत्र एकही किरण सोडत नाही. एक्स-रेमध्ये आणि सीटीमध्ये किरणं यंत्रातून निघून शरीरातून आरपार जातात. आमच्या न्यूक्लियर मेडिसिनमध्ये रुग्णाने काही दिवसांपूर्वी गिळलेलं आयोडीन-131 शरीरात जिथे जाऊन बसलं असेल तिथून 364 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची गॅमा किरणं बाहेर पडत असतात. कॅमेऱ्याच्या तोंडाशी शिशाची जाड जाळी असते. ती सरळ येणारी किरणं आत घेते, बहुतेक तिरपी अडवते. जाळीमागच्या स्फटिकावर किरण आदळला की प्रकाशाची एक क्षीण चमक उठते, ती फोटोमल्टिप्लायर नळ्या टिपतात, आणि अशा लाखो चमकांमधून पडद्यावर एका माणसाची आकृती उमटू लागते. हॅल अँगर यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला हा कॅमेरा बनवला, आणि आजही त्याची मूळ रचना तीच आहे. तो स्फटिक कशाचा असतो? सोडियम आयोडाइडचा, त्यात थॅलियमचा अंश. अंगातलं आयोडीन पाहायला यंत्रातही आयोडीनच बसवलेलं आहे! हे शिकले त्या दिवशी मला कमालीचा आनंद झाला होता, आणि अजून विद्यार्थ्यांना सांगताना होतो.

मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नव्हे. रुग्णाला टेबलावर नीट झोपवणं, हलू नका म्हणणं, चित्र घेणं आणि ते डॉक्टरांपुढे ठेवणं हे माझं काम. पण या चित्रांसमोर इतकी वर्षं बसल्यावर ती कशामुळे शक्य होतात याविषयी मनात काही साचत गेलंय.

शरीरात आयोडीनची खरी गरज एकाच ग्रंथीला असते. थायरॉईडच्या पेशींवर सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर नावाचं एक प्रथिन असतं. रक्तातून जाणारं आयोडीन ते आत ओढून घेतं, आणि पेशी त्यापासून संप्रेरक बनवून साठवते. लाळग्रंथी, जठर, दूध येणारे स्तन हेही थोडं आयोडीन उचलतात, पण ते धरून ठेवत नाहीत. आता कर्करोग म्हटलं की आपल्याला वाटतं, पेशी पार बिघडली, तिचं मूळ काही उरलं नाही. थायरॉईडच्या पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कर्करोगात, म्हणजे या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये, तसं होत नाही. पेशी बेसुमार वाढते, मानेतल्या गाठींत जाते, फुफ्फुसात जाते, हाडात जाते, आणि तिथे बसूनही आयोडीन मागत राहते. कोकणातला चाकरमानी गिरगावात राहो की डोंबिवलीत, गणपती जवळ आले की त्याची पावलं गावाकडे वळतात, तसं काहीतरी. ही उपमा फार गोड आहे आणि रोग गोड नाही, हे मला कळतं. पण त्या पेशीची ही जुनी सवय सुटलेली नसते, म्हणून तर ती सापडते. आणि जिथे सापडते तिथेच मारली जाते, कारण आयोडीन-131 गॅमाबरोबर बीटा कणही सोडतं. ते कण ऊतीत एक-दोन मिलिमीटरच जातात. आयोडीन घेणारी पेशी आणि तिचे अगदी लगतचे शेजारी, एवढाच त्यांचा पल्ला.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलमधल्या एका माणसात. त्याची थायरॉईड ग्रंथी खूप वर्षांपूर्वीच काढून टाकलेली होती, तरी त्याच्या शरीरात थायरॉईडचं संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढलेलं. ग्रंथी नाही, मग संप्रेरक कोण बनवतंय? शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी बनवत होत्या. सॅम्युएल सायडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं, ते त्या गाठींनी घेतलं, आणि 1946 साली ही हकिगत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला जास्त जवळची वाटते. 12 नोव्हेंबर 1936. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन बॉस्टनमध्ये डॉक्टरांसमोर भाषण देत होते, विषय होता भौतिकशास्त्र वैद्यकाच्या काय कामी येईल. सॉल हर्ट्झ नावाच्या तिशीतल्या थायरॉईडच्या डॉक्टरने विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? कॉम्प्टन यांना जागच्या जागी उत्तर देता आलं नाही. महिनाभरात त्यांनी पत्राने कळवलं, येईल. पुढच्या वर्षी हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी सशांवर प्रयोग केले तेव्हा हाताशी होतं आयोडीन-128. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं विरायला लागणारा वेळ, 25 मिनिटं. बनवायचं, द्यायचं आणि ते विरायच्या आत मोजायचं! 1938 मध्ये बर्कलीला सीबोर्ग आणि लिव्हिंगूड यांनी आयोडीन-131 शोधलं, ज्याचा अर्धायुकाल 8 दिवसांचा, तेव्हा कुठे ही धावाधाव थांबली. मार्च 1941 मध्ये हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीनने पहिल्या रुग्णावर उपचार केले. त्या रुग्णाला कर्करोग नव्हता, ग्रंथी अतिसक्रिय होती. पण वाट तिथूनच निघाली. सभेत उठून विचारलेला एक नेमका प्रश्न! ज्याने तो विचारला त्याचं नाव आज या उपचाराने बरे झालेल्या बहुतेकांना माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे ही वाट तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेहून, परळला आली. 4 ऑगस्ट 1956 ला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि 1963 मध्ये परळला, टाटा मेमोरियलच्या अॅनेक्स इमारतीत, अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातून आयोडीन-131 तयार होतं. ते साठवून ठेवता येत नाही. आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव. त्यामुळे डोस कोणाला, कुठल्या तारखेला द्यायचा हे आधी ठरतं आणि त्या तारखेचा हिशेब धरून शिशाच्या भांड्यातून माल येतो. रुग्णाला ताप आला, एसटी बंद पडली, नातवाचं लग्न निघालं, तरी आयोडीन वाट पाहत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड भाग अणुभट्टीचा असेल असं बाहेरून वाटतं. माझ्या मते तो स्वयंपाकघराचा आहे. डोसआधी एक ते दोन आठवडे आहारातलं आयोडीन कमी करायचं असतं, म्हणजे उरलेल्या पेशी उपाशी राहतात आणि मिळेल ते आयोडीन झडप घालून घेतात. कागदावर ही एक ओळ आहे. घरात तिचा अर्थ काय होतो? पिशवीतलं आयोडीनयुक्त मीठ बंद. मासे बंद, सुकट बंद, जवळा बंद. अंडी, दूध, दही, ताक बंद. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचा पाव, हॉटेलातलं काहीही बंद, कारण त्यात कुठलं मीठ पडलंय कोण सांगणार? राहतं काय, तर भात, भाकरी, वरण, पालेभाज्या, फळं, आणि आयोडीन न घातलेलं मीठ वापरून केलेलं कालवण. हे मीठ शोधायलाही दुकानं पालथी घालावी लागतात. त्यालाही कारण आहे. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात अभ्यास करून मिठातल्या आयोडीनने गलगंड कमी होतो हे दाखवलं, 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचलं. देशाने एवढ्या कष्टाने ताटात आणलेली वस्तू या बायकांना पंधरा दिवसांसाठी ताटातून काढायची असते.

बायका म्हटलं, कारण हा कर्करोग पुरुषांपेक्षा बायकांना साधारण तिपटीने जास्त होतो. आणि घरात स्वयंपाक कोण करतं ते सांगायला नको. सगळ्यांसाठी बांगड्याचं तिखलं करून स्वतः बिनमिठाचा भात खाणारी बाई माझ्यासमोर बसते आणि मी तिला विचारते, "पथ्य पाळलंत ना?" ती मान डोलावते. मी आता तेवढ्यावर थांबत नाही. तिच्याबरोबर आलेल्या माणसाला बोलावून सांगते की हे पंधरा दिवस घरात सगळ्यांनीच हे जेवण जेवा. कोणी हसतात, कोणी ऐकतात. आणि एक प्रश्न मी न चुकता विचारते: गेल्या दोन-तीन महिन्यांत कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झालाय का? त्या एका इंजेक्शनमध्ये इतकं आयोडीन असतं की पंधरा दिवसांचं पथ्य पाण्यात जातं.

दुसरी तयारी त्याहून कष्टाची. पेशींनी आयोडीन घ्यावं म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं संप्रेरक, वाढवावं लागतं, निदान 30 च्या वर. त्याचं इंजेक्शन आहे, लागोपाठ दोन दिवस घ्यायचं, पण ते इतकं महाग आहे की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना परवडत नाही. मग थायरॉक्सिनची, म्हणजे ग्रंथीच्या संप्रेरकाऐवजी रोज घ्यायची, गोळी तीन ते चार आठवडे बंद. हळूहळू अंग जड होतं, चेहरा सुजतो, एप्रिलमध्ये थंडी वाजते, आवाज घोगरा होतो, काही सुचत नाही, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, ऑपरेशन तर चांगलं झालं, मग आता हिला काय झालं? तिला आळस चढलेला नसतो. शरीर संप्रेरकाशिवाय चाललेलं असतं. हे नातेवाइकांना मोठ्याने, स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. डिस्चार्जच्या कागदावर छापून भागत नाही.

मग डोस. कॅप्सूल किंवा पाण्यासारखा द्रव, ना वास ना चव. 30 मिलिक्युरीच्या (हे किरणोत्साराचं माप) वर दिला तर रुग्णाला खास खोलीत ठेवावं लागतं. जाड भिंती, स्वतंत्र संडास, आणि त्याचं पाणी थेट गटारात न जाता टाकीत साठवून किरणोत्सार ओसरल्यावर सोडलं जातं. भरपूर पाणी प्या, रोज आंघोळ करा, दोनदा फ्लश करा. बहुतेक आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. भेटायला कोणी नाही. मोबाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत नेतात. कित्येक बायकांना आयुष्यात पहिल्यांदा एक खोली स्वतःची म्हणून मिळते ती इथे. एकीने मला दारातूनच सांगितलं होतं, "दोन दिवस कोणी हाक मारली नाही, छान झोपले." यावर काय म्हणावं ते मला सुचलं नाही.

काही दिवसांनी स्कॅन होतो. पांढऱ्यावर काळे ठिपके, ठिपक्यांचा माणूस. नातेवाईक काचेपलीकडून पडदा बघतात आणि पोटात मोठा काळा डाग पाहून हादरतात. तो डाग जठराचा, आतड्यांचा, मूत्राशयाचा. लाळग्रंथीही काळ्या दिसतात. उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये यकृतही फिकट काळं दिसतं, कारण थायरॉईडच्या पेशींनी बनवलेलं संप्रेरक तिथे मोडलं जातं. ही सगळी नेहमीची मंडळी. ऑपरेशनमध्ये गळ्याशी थायरॉईडचा थोडा अंश उरलेला असेल तर तो इतका तेजाळतो की शिशाची जाळीही पुरी पडत नाही आणि चित्रात सहा टोकांची चांदणी उमटते. चांदणी रुग्णाच्या गळ्यात नसते. जाळीची भोकं षटकोनी असतात, त्यांच्या पातळ भिंतींतून निसटलेल्या किरणांची ती खूण.

खरी कसोटी लागते आडबाजूच्या ठिपक्याशी. एकदा एका काकूंच्या मांडीपाशी ठळक ठिपका आला. हाडात गेलं की काय? सगळ्यांचे चेहरे उतरले. काकूंच्या मुठीत रुमाल होता, तोंड पुसायचा. लाळेतलं आयोडीन त्यात. रुमाल बाजूला ठेवून पुन्हा चित्र घेतलं, ठिपका नाही. अशा वेळी कोणी घाईत रिपोर्ट लिहिला असता तर? म्हणून स्पेक्ट-सीटी, म्हणजे गॅमा कॅमेरा आणि सीटी एकत्र असलेलं यंत्र, आल्यापासून मला फार आधार वाटतो. ठिपका नेमका फुफ्फुसात आहे, बरगडीत आहे की कातडीवर, ते त्यात एकावर एक ठेवून दिसतं.

घरी जाताना सूचनांचा कागद हातात दिला जातो. काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब राहा, वेगळं झोपा, भांडी-कपडे वेगळे धुवा. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात. वेगळं कुठे झोपायचं? कोणी पोटमाळ्यावर जातं, कोणी मुलांना मामाकडे पाठवतं. रत्नागिरीला रात्रीच्या एसटीने जायचं तर शेजारच्या सीटवर आठ तास कोण बसणार, हा प्रश्न कागदावर नसतो. तो आम्हाला विचारावा लागतो. आणि ज्या बाईचं बाळ अंगावर पितं तिचं दूध डोसच्या काही आठवडे आधीच कायमचं थांबवलेलं असतं. त्या बाईला हा कागद वाचून दाखवणं मला आजही जड जातं.

"म्हणजे बाजूला बसायचं ना?" असं कित्येकजणी विचारतात. पाळीच्या दिवसांत बाजूला बसलेल्या, निदान आईला तसं बसलेलं पाहिलेल्या बायका. त्यांना समजायला सोपं म्हणून "हो, तसंच समजा" म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि याची मला खरोखर चीड येते. कारण मग ती घरी जाऊन देवाला दिवा लावत नाही, मुलाच्या वह्यांनाही हात लावत नाही, आणि दोन दिवसांनी सासू म्हणते, झाले की चार दिवस, लाग कामाला, घे लेकराला मांडीवर. उपयोग काहीच होत नाही आणि अपमान तेवढा पदरात पडतो. मी तिला अंतर सांगते. एका मीटरवर जेवढी किरणं, दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा. नवऱ्याला डोस मिळाला असता तर त्यालाही हेच. दिवा लाव, पोथी वाच, लांबून लेकराशी बोल, फक्त कागदावरची तारीख येईपर्यंत त्याला कुशीत घेऊन झोपू नको. त्या तारखेनंतर घे, पोटभर घे. यात विटाळ कुठे आहे?

शिकलेल्या घरांतून दुसरा प्रश्न येतो. चेर्नोबिलला हेच होतं ना? होय, हेच. 1986 मध्ये वाऱ्याबरोबर पसरलेलं आयोडीन-131 गवतावर, गाईत, दुधात आणि तिथून बेलारूस-युक्रेनच्या मुलांच्या गळ्यात गेलं, आणि हजारो मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. शेजारच्या पोलंडने लाखो मुलांना साधं, स्थिर आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथीत जागाच उरू नये. बेलारूसच्या त्या मुलांपैकी कितीतरी जणांवर पुढे जर्मनीत उपचार झाले, ते याच आयोडीन-131 ने. मी हे लपवत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला खरी गोष्ट सांगितली की त्याची भीती कमी होते, असाच माझा अनुभव आहे.

डोस द्यायचाच का, हाही आता विचारायचा प्रश्न झालाय. 2012 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन अभ्यासांनी दाखवलं की ऑपरेशननंतर उरलेला थायरॉईडचा अंश नष्ट करायला 100 ऐवजी 30 मिलिक्युरी पुरतात. 2022 मध्ये फ्रान्सच्याच अभ्यासात कमी धोक्याच्या रुग्णांना डोस न देताही तीन वर्षांनी फरक दिसला नाही. आमच्या कामाचा आकडा यामुळे घटला तर घटू दे. लाळग्रंथी सुजून तोंड कोरडं पडलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्याला गरज नाही त्याला ते का सोसायला लावायचं?

मात्र ज्यांना गरज असते त्यांच्यातल्याच काहींच्या पेशी आयोडीन विसरतात. बीआरएएफ जनुकात बिघाड झाला की सिम्पोर्टर बंद पडत जातो. पेशी असते, वाढत असते, आणि आमच्या चित्रात काहीच येत नाही. रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन, चढत असतं, म्हणजे कुठेतरी ती आहेच. मग साखरेवर चालणारा पेट स्कॅन करावा लागतो, कारण आयोडीन विसरलेली पेशी बऱ्याचदा साखर अधाशासारखी खाते. 2013 मध्ये एक अभ्यास छापून आला: सेल्युमेटिनिब नावाच्या गोळीने 20 पैकी 12 रुग्णांच्या अशा पेशी पुन्हा आयोडीन घेऊ लागल्या, आणि त्यातल्या 8 जणांना डोस देण्याइतकं घेऊ लागल्या. विसरलेलं परत आठवायला लावता येतं! ती बातमी वाचली तेव्हा मी विभागात सगळ्यांना धरधरून सांगत सुटले होते. आपल्याकडच्या सर्वसामान्य रुग्णाच्या हाती हे अजून सहज पोचलेलं नाही, आणि ते पोचावं अशी माझी फार इच्छा आहे.

कोरं चित्र पडद्यावर येतं तेव्हा ते सर्वांत आधी मी पाहते. टेबलावरून उतरता उतरता माणूस विचारतो, "काही नाही ना दिसलं?" दिसलं नाही हे खरं असतं, आणि त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो. रिपोर्ट सांगायचा अधिकार मला नाही, आणि तो नसावा हेच योग्य. "डॉक्टर चित्र आणि रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघतील, मग सांगतील," एवढं मी म्हणते, आणि थायरोग्लोब्युलिनचा कागद फाइलमध्ये मागे कुठे दडला असेल तर काढून सगळ्यात वर लावते.